चौथ्या डब्याचं झाकण

तो गेल्याची बातमी मला सिडनीत, वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबबाहेरच्या बाकावर, सँडविच खाताना, मोबाइलवर दिसली. फ्रान्समधला नट, नव्वदी ओलांडलेला, झोपेत गेला. अंत्यविधीला मोजकी माणसं हजर होती असंही खाली लिहिलं होतं. त्या महिन्यांत जगभर सगळ्यांच्याच अंत्यविधीला मोजकी माणसं असायची, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नसेल. मला मात्र रडू आलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, ठरवून दिलेल्या अंतरावर बसलेल्या सहकारी बाईने घाबरून विचारलं, "यू ओके? फॅमिली?"

"सॉर्ट ऑफ," मी म्हटलं. ते फारसं खोटं नव्हतं.

आमच्या पुण्याच्या घरात हा माणूस लांबच्या काकासारखा होता. बाबा टेलिफोन खात्यात नोकरीला होते, पण नोकरी हे त्यांचं जोडकाम. खरं काम फिल्म सोसायटीचं. दर रविवारी सकाळी एका शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, खिडक्यांना काळे पडदे लावायचे, मुंबईहून एसटीने आलेले सिनेमाच्या रिळांचे पत्र्याचे डबे डेपोतून सायकलवर आणायचे, प्रोजेक्टर चालवायचा आणि माईकवरून संवादांचा मराठी अनुवाद वाचून दाखवायचा. ही सगळी कामं एकटे बाबा करत. बाकीचे सभासद चर्चा करत. सहा महिन्यांच्या फ्रेंचच्या क्लासच्या जोरावर बाबांनी या नटाचे आठ सिनेमे पुण्याला मराठीत ऐकवले. त्यामुळे तो बाबांच्या आवाजात बोलतो अशीच माझी लहानपणी समजूत होती. पुढे सिडनीत पहिल्यांदा त्याचा खरा आवाज ऐकला तेव्हा कुणीतरी तोतया बोलतोय असं वाटलं.

त्या दिवशी शिफ्ट संपवून बाबांना फोन केला. त्यांना आधीच कळलं होतं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "रविवारी दुपारी काय करतेस?"

"कपडे धुते. दुसरं काय करणार लॉकडाउनमध्ये."

"मग त्याचे सिनेमे लाव. पहिल्यापासून. मला सांग."

'दाखव' नाही, 'सांग'. कारण बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग तोवर गेला होता. कडेचं दिसायचं, मधोमध काळा डाग. "मला फ्रेम दिसते गं, फक्त नट दिसत नाही," असं ते स्वतःच सांगायचे, आणि समोरचा हसला नाही तर नाराज व्हायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत दोन दिवस होऊन गेले होते. त्यानंतर मी स्वतःशी ठरवलं होतं की बाबांच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, आणि त्यांची नजर पुरती जायच्या आत एकदा निवांत घरी राहून यायचं. तिकीटही काढलं होतं. मग सीमा बंद झाल्या. ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायला परवानगी लागायला लागली, मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा तो नियमात बसला नाही. घरात नवरा, मुलगी आणि मी, खिडकीतून दिसणारी हॉस्पिटलची पार्किंगची इमारत, आणि मी दिवसभर लोकांच्या नाकातले स्वॅब तपासत होते. दुधाची तहान ताकावर, तशी पुण्याची तहान फोनवर भागवायची. तर भागवू.

पहिला रविवार फसला. त्याचा पहिला सिनेमा म्हणजे त्यात तो जेमतेम मिनिटभर आहे. हॉटेलातला वेटर. मी लॅपटॉप लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि सुरू झाले, "आता हिरॉइन फार दुःखात आहे..."

"कशावरून?" बाबा म्हणाले.

"कशावरून म्हणजे? दिसतंय ना."

"तुला दिसतंय. मला नाही. गोष्ट सांगू नकोस, काय दिसतंय ते सांग."

मी चिडले. आठवडाभर लॅबमध्ये राबून आता यांची परीक्षा द्यायची. पण त्यांचं खरं होतं. मी पुन्हा मागे जाऊन पाहिलं. "हातमोजा काढतेय. एकच काढलाय. दुसरा काढायचा विसरलीय."

"हां," बाबा म्हणाले. "आता दुःखात आहे."

असं माझं शिक्षण सुरू झालं. पुढच्या रविवारपासून मी आदल्या दिवशी सिनेमा एकदा पाहून ठेवायला लागले, बाबा शनिवारी रात्री संवादांचे कागद वाचून ठेवायचे तसं. माझी नऊ वर्षांची मुलगी दारातून डोकावून म्हणायची, "मम, ही कॅन हिअर यू, यू नो. यू डोन्ट हॅव टू शाउट." बाबांना हे ऐकू गेलं की ते खूश व्हायचे. "तिला सांग, तिची आजी मागच्या रांगेतून हेच म्हणायची."

त्याचं आयुष्य आम्ही असं रविवारा-रविवाराने पाहिलं. बंदराच्या गावात जन्म, आई धोब्याच्या दुकानात इस्त्री करणारी, वडिलांचा पत्ता नाही. गोदीत पेट्या उतरवताना एक पेटी तोंडावर पडली आणि नाक मोडलं. त्या मोडक्या नाकाने त्याला पुढे जन्मभर जेवू घातलं. नाटक कंपनीत तो टेबलं-खुर्च्या हलवायला लागला होता. तालमीला एक नट आला नाही म्हणून याला उभं केलं. मग दहा वर्षं चोर, पोलीस, ड्रायव्हर, चोर. त्यातल्या एका सिनेमात तो खुनी आहे आणि खून केल्यावर बसून उकडलेलं अंडं सोलून खातो. बाबांनी मला ते अंडं तीनदा सांगायला लावलं. "हा माणूस खोटं खात नाही," ते म्हणाले. "बाकीचे नट खाताना बघ. घास घेतात आणि डायलॉगकडे डोळा लावून बसतात. हा खातो तेव्हा भूक लागलेली असते."

चौतिसाव्या वर्षी त्याला खलाशाचा सिनेमा मिळाला आणि तो मोठा झाला. त्या सिनेमापाशी पोचलो तेव्हा बाबा म्हणाले, "हा आत्ता नको. पुढे चल. हा तू आल्यावर, इथे बसून."

मी हो म्हटलं. 

त्या सिनेमाबद्दल आमच्या घरात एक दंतकथा होती. सोसायटीने तो दाखवला तेव्हा मी दोन वर्षांची, आईच्या मांडीवर झोपलेली होते म्हणे. गोष्ट साधी. खलाशी घर सोडून जातो, आई वाट बघते. चार रिळांचा सिनेमा. तिसरं रीळ संपलं तेव्हा तो आगगाडीत बसून निघून जातो, म्हातारी फलाटावर उभी, आणि पडद्यावर चक्क फ्रेंचमधली 'समाप्त' अशी अक्षरं आली. लोक चपला शोधायला लागले. तेवढ्यात माईकवर बाबांचा आवाज, "बसून राहा. अजून एक रीळ आहे." लोक बसले. आणि त्या चौथ्या रिळात तो परत आला. अंगणातून चालत येतो, पिशवी ठेवतो, आई काही न बोलता सुपाची ताटली पुढे ठेवते. तो खातो. पावाच्या तुकड्याने ताटली पुसून पुसून खातो, तिचा हात त्याच्या डोक्यावर, आणि सिनेमा संपतो. अक्षरं नाहीत, काही नाही, नुसता पांढरा पडदा.

मग चर्चा. ती तासभर चालली. 'समाप्त' म्हणून पाटी लावायची आणि मग खरी गोष्ट सुरू करायची, केवढं हे धाडस, असं एका प्राध्यापकांनी मांडलं. काळ सरळ रेषेत जातच नाही, असं दुसऱ्यांनी. पांढऱ्या पडद्यावर तर एकाने सोसायटीच्या अंकात दोन पानांचा लेख लिहिला. आई अशा चर्चांत कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी ती मागून उठली आणि म्हणाली, "मी तर संपलं म्हणून उठले होते. बरं झालं परत आला. नाहीतर मला आज स्वयंपाक सुचला नसता." सगळे हसले, आई बसली. पण तो सिनेमा तिने जन्मभर सोडला नाही. कुणी गावाला गेलं, कुणी रुसून गेलं, तिचं ठरलेलं: "येईल, तो फ्रेंच आला तसा." मी शिकायला म्हणून सिडनीला निघाले तेव्हा विमानतळावर तिने माझ्या हातात लाडवांचा डबा दिला आणि म्हणाली, "तो फ्रेंच परत आला होता, लक्षात ठेव." मी म्हटलं, "दोनच वर्षं गं."

लॉकडाउन लागला तेव्हा त्याला अठरा वर्षं झाली होती.

आम्ही पुढे गेलो. त्याचा वाईट काळ आला. विग घालून केलेली विनोदी कामं, साबणाच्या जाहिराती, दोन लग्नं, दोन्ही मोडलेली. बाबा त्यालाही सोडायचे नाहीत. "पोट आहे त्याला," म्हणायचे. मग म्हातारपण, आणि म्हातारपणी त्याचं पुन्हा सोनं झालं. शेवटच्या कामात तो एक शब्द बोलत नाही, फक्त नातीसाठी सफरचंद सोलतो.  आता फक्त खलाशी राहिला होता, आणि विमानं अजून बंदच होती.

मला राहवलं नाही. कधी जायचं ठरलं तर तयारी हवी, असं स्वतःला सांगून मी एका शनिवारी तो सिनेमा एकटीने पाहिला. अर्ध्यावर माझी काहीतरी गफलत होतेय असं वाटायला लागलं. तो फार लवकर परत आला. अंगण, पिशवी, सूप, पाव, डोक्यावर हात. मग सिनेमा पुढे चालूच राहिला. त्याला घरात करमत नाही. तो खिडकीशी उभा राहतो, जुन्या मित्रांकडे त्याला बोलायला काही सुचत नाही, आई त्याला ओळखीच्या पाहुण्यासारखं वाढते. मग आगगाडी. म्हातारी फलाटावर. समाप्त.

मी सिनेमा थांबवून बसले. बाबांनी डबे उलटसुलट लावले होते. तिसऱ्याचं झाकण चौथ्याला, चौथ्याचं तिसऱ्याला. बास, एवढंच. ना धाडस, ना काळाची वाकडी रेषा. अख्ख्या सोसायटीने एका झाकणाच्या चुकीवर तासभर चर्चा केली होती. मला हसू आलं, आणि मग आई आठवली. माझ्या आईने ज्याच्या भरवशावर मला पाठवलं, तो परत आलेला नव्हताच. म्हणजे आला होता. पण राहिला नव्हता.

बाबांना हे सांगायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या लाटेत बाबांना ताप आला. पुण्यात खाट मिळत नव्हती. खालच्या मजल्यावरच्या काकू दाराशी डबा ठेवायच्या, बोटाला लावायचं यंत्र त्यांनीच आणून दिलं होतं आणि दर दोन तासांनी खालूनच ओरडून आकडा विचारायच्या. मी इथे दिवसभर अनोळखी लोकांचे रिपोर्ट बघायचे आणि फोन वाजला की आधी नंबर पुण्याचा आहे का ते पाहायचे. आता माझ्यासारख्यांना भारतातून परत यायलाही बंदी झाली होती. गेले तर परत कधी, ते कुणी सांगू शकत नव्हतं. आणि मुळात जाताच येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. आवाज खरवडलेला.

"खलाशी लाव."

"बाबा, तो मी आल्यावर ना?"

"लाव गं. उगाच डबे पडून राहायला नकोत."

मी समजले. लॅपटॉप उघडला, पण लावला नाही. मला तो पाठ होता. पहिलं रीळ सांगितलं, दुसरं सांगितलं. मधे ते खोकायचे तेव्हा मी थांबायचे. मग मी त्यांचा सिनेमा सांगितला, झाकणं बदललेला. करमत नसलेलं घर, आगगाडी, फलाट, समाप्त. आणि मग अंगण. पिशवी. सूप. पावाने पुसलेली ताटली. शेवटी पांढरा पडदा.

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मग बाबा म्हणाले, "तूही डबे बदललेस?"



"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "रिळं परत गुंडाळून पाठवायला लागायची ना. गुंडाळताना दिसलं. झाकणं पुसायला काढली होती, तिथे घोळ झाला. संवादांचे कागदही ज्या-त्या डब्यातच असायचे, म्हणून वाचताना कळलं नाही. मी घरी आलो सांगायला. तर तुझी आई ओट्याशी उभी राहून शेजारणीला सांगत होती, तो कसा आला, कसा जेवला. म्हटलं, उद्या सांगू." ते थांबले. यंत्राचा बारीक आवाज आला. "मग राहिलं. मग तू गेलीस. मग तर सांगणं शक्यच नव्हतं."

"बाबा, बोलू नका जास्त."

"आता नीट लाव. तिसरं, मग चौथं. मी एकदाही नीट पाहिलेला नाही तो. गुंडाळताना उलटाच पाहिला."

मी लॅपटॉप सुरू केला आणि खरा सिनेमा सांगितला. काय दिसतंय तेवढंच. तो आला, जेवला. आईने ताटली धुऊन पालथी ठेवली. तो खिडकीशी उभा राहिला. एकदा त्याने अंगणातला मोडकं स्टूल दुरुस्त केलं आणि त्यावर बसला नाही. स्टेशनवर त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आईने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. गाडी गेली. ती उभी. समाप्त.

"कशी उभी आहे?"

"सरळ. हात खाली सोडलेत. गाडी गेली तरी त्याच बाजूला बघतेय."

"हं. पण जेवला ना?"

"हो बाबा. पोटभर."

"खोटं नाही ना जेवला?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले, आणि फोन ठेवायला विसरून झोपले. त्यांचा श्वास ऐकत मी संध्याकाळपर्यंत तशीच बसले होते. मुलगी येऊन शेजारी बसली, तिने माझ्या हातावर हात ठेवला.

बाबा वाचले. कसे ते मला विचारू नका, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. काकूंच्या मते त्यांच्या आल्याच्या काढ्याने. असेल. पण तापाने राहिलेली नजरही नेली.

सीमा उघडल्या तेव्हा मी मिळेल त्या पहिल्या विमानाने गेले. दार बाबांनीच उघडलं. माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वजन कमी झालंय, की हात विसरला?" काकूंनी पिठलं-भात करून ठेवला होता. मी हात धुऊन बसले आणि जेवले. दोनदा भात घेतला, ताट बोटाने निपटून काढलं. बाबा समोर बसून ऐकत होते. तसं मी इतक्या वर्षांत जेवले नव्हते.

तीन आठवडे राहिले. पहिला आठवडा सुखाचा गेला. दुसऱ्यात मला कळलं की घरात चहाची भांडी कुठे ठेवतात ते मला आठवत नाही, आणि बाबांना आपल्या वेळापत्रकात कुणी असायची सवय राहिलेली नाही. आम्ही एकमेकांशी फार जपून वागायला लागलो. सिडनीहून लेक विचारायची, "मम, व्हेन आर यू कमिंग होम?" आणि मी घरातच उभी असताना तिला दिवस मोजून सांगायचे. तिकडे चला म्हटलं तर बाबा म्हणाले, "आंधळ्याला घर पाठ असावं लागतं गं. हे पाठ आहे."  मला राहायचं होतं आणि मला जायचं होतं, आणि दोन्ही खरं होतं.

निघायच्या दिवशी त्यांनी खाली यायचं नाही असं ठरलं. टॅक्सी फाटकापाशी उभी राहणार होती, पण तिथे पाण्याचा टँकर होता, म्हणून ती पलीकडे, दूधवाल्याच्या दुकानाशी थांबली. मी बसले आणि वर पाहिलं. बाबा गॅलरीत होते. हात हलवत होते. फाटकाकडे.

तेवढ्यात फोन वाजला.

"बसलीस?"

"बसले."

"काय दिसतंय ते सांग."

"गॅलरीत एक म्हातारा माणूस उभा आहे," मी म्हटलं. "पांढरा शर्ट. वरचं बटण लावायचं राहिलंय. एका हातात फोन आहे, दुसरा हात हलवतोय. भलत्याच बाजूला."

त्यांचा हात थांबला. "कुठे वळू?"

"डावीकडे. अजून थोडं. अजून."

ते वळत वळत आले आणि थेट माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी बटण चाचपून लावलं.

"आता?"

"आता बरोबर."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. बाबांनी ते ऐकलं असावं. माईकवरून बोलायचे त्या आवाजात ते म्हणाले, "बसून राहा. अजून एक रीळ आहे."

"हो बाबा," मी म्हटलं. निघून जाण्याचं रीळच चौथं होतं, त्यानंतर डबा नव्हता. हे जगात आता आम्हां दोघांनाच माहीत होतं.